भलत्या पोरीला शाबासकी

माझी थोरली मुलगी सातवीत असताना मी चारचौघांत एक शब्द बोलून बसलो. त्या शब्दानं मला पुढं कर्जतच्या शेतांतून धापा टाकत पळवलं. म्हणून आधी तो शब्द सांगतो.

आमचं गाव खालापूरहून पायी अर्ध्या तासावर. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. वालाला पाणी लागत नाही, खत लागत नाही, फक्त ढोरांपासून राखावा लागतो. त्या दिवशी म्हशी थोरलीच्या ताब्यात होत्या. म्हशी वालात जाऊ द्यायच्या नाहीत, एवढंच काम. पण ही बांधावरून पळत होती. या टोकाच्या आंब्यापासून त्या टोकाच्या चिंचेपर्यंत, आणि परत आंबा. तिची मैत्रीण बांधावर बसून मोठ्यानं आकडे मोजत होती. तेवढ्यात म्हशींनी शेजाऱ्याचा फुलावर आलेला वाल साफ केला.

संध्याकाळी शेजाऱ्यानं मला देवळाच्या पायरीवर गाठलं. "तुज्या पोरीला पळायला रस्ता कमी पडतो का रं? माज्या वालाचं वाटोळं केलं. शिकव आजून!"

पायरीवर चार माणसं बसलेली. त्यातला एक हसला. ते हसणं मला लागलं. मी म्हटलं, "सातवी झाली की तिची शाळा बंद. चूल नि म्हशी. झालं?"

आता माझा स्वभाव असा की तोंडातून गेलेला शब्द मी परत घेत नाही. एकदा गावच्या न्हाव्याशी भांडण झालं, तेव्हा बोललो की तुझ्यासमोर डोकं धरणार नाही. तर तीन वर्षं केस कापायला पार चौक गावाला जात होतो. न्हावी माझ्या घराला लागून राहायचा. रोज सकाळी माझं वाढलेलं डोकं बघून तो हसायचा, पण मी काय डोकं धरलं नाही.

शाळेच्या गुरुजींना ही बातमी दोन दिवसांत कळली. गुरुजी साताऱ्याकडचे, वयानं माझ्यापेक्षा लहान, पण पोचलेले. घरी न येता तेही पायरीवरच आले, चार माणसं असताना. म्हणाले, "दादा, मुलीच्या पायात दम आहे. पौषात कर्जतला शाळांची धावण्याची शर्यत आहे, शेताशेतातून. दोन्ही तालुक्यांच्या शाळा येतात. पहिल्या सहा मुली जिल्ह्याला, अलिबागला जातात."

मी म्हटलं, "सहांत आली तर शिकू द्या तिला आठवी, नववी, पार बॅरिस्टर होईस्तोवर. नाय आली तर मी बोललो तसंच."

"शब्द?" म्हणत गुरुजींनी हात पुढं केला.

"शब्द," म्हणत मी त्यांच्या हातावर हात मारला. चार माणसांनी बघितलं.

खरं सांगायचं तर दुसऱ्याच दिवशी पस्तावलो. मी दुसरी यत्तासुद्धा पुरी न करता शाळा सोडलेला. अक्षराला अक्षर लावून वाचता येतं, पण सरकारी कागद माझ्या हातात आला की वाचून होईस्तोवर दिवस मावळायचा. थोरली सातबारा घडाघडा वाचायची. बांधावरचा आंबा शेजाऱ्याच्या नावावर चढलाय हे तिनंच दाखवलं. गूळ बांधून आलेला पेपरचा तुकडा असला तरी ती मला वाचून दाखवायची, आणि बातमी मधेच फाटलेली असली की उरलेली आपल्या मनानं पुरी करायची. एकदा तिनं दिल्लीच्या कुठल्याशा पुढाऱ्याला वाघाकडून खाववलं. ते मी चौकच्या बाजारात चार लोकांना छातीवर हात ठेवून सांगून आलो. अशी पोर. तिची शाळा बंद करायला माझा जीव होत नव्हता, आणि शब्द परत घ्यायला जीभ वळत नव्हती. वाट एकच उरली. पोरीनं सहांत यायचं.

बायको म्हणाली, "अवो, सरळ सांगा ना गुरुजींना, चुकलो म्हनून."

"मी कशाला चुकतो?"

"मंग तिच्याबदली तुमीच पळा."

त्या महिन्यात घरातलं एकही अंडं बाजारात गेलं नाही. म्हशींकडं मी स्वतः बघायला लागलो. थोरली बांधावर पळायची आणि मी तिच्याकडं पाठ करून बसायचो, म्हणजे बघतोय असं कुणाला वाटू नये.

शर्यतीच्या दिवशी गुरुजींनी टेम्पो ठरवला होता. मागं पोरापोरींची दाटी. मी सकाळीच कोपरी चढवून तयार.

"तुमी कुठं निगालात?" बायकोनं विचारलं.

"कर्जतला एक बैल बगायचा हाय."

"गोठ्यात दोन हायत. तिसरा काय माज्या चुलीपाशी बांधनार?"

टेम्पोत थोरली माझ्यासमोर बसली होती. केसांना तेल, घट्ट दोन वेण्या, पायात काही नाही. तिनं विचारलं, "बाबा, बैल कुठं हाय?"

"नदीकडं."

"आमची शर्यत पन नदीकडंच हाय."

"असंल," म्हटलं आणि मी बाहेर बघायला लागलो.

कर्जतला नदीच्या अंगाला कापून मोकळी झालेली शेतं होती. भाताची धसकटं वाळून खिळ्यासारखी उभी. त्यातून चुन्याची पांढरी रेघ ओढलेली. रेघ एका वालाच्या शेताला वळसा घालून बांधाबांधानं नदीपर्यंत जायची, तिथून उलटी फिरून परत मैदानात यायची. असे दोन फेरे. डोक्यावर टोपी आणि गळ्यात शिट्टी घातलेले एक साहेब सगळ्यांना रांगेत उभं करत होते. चाळीसेक पोरी असतील. काहींच्या पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचे आईबाप मैदानात उभे राहून त्यांना बिस्किटं चारत होते.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं ध्यानात येणार नाही. आमच्यात आपल्या चांगल्या वस्तूला चारचौघांत चांगलं म्हणत नाहीत. पाहुण्यानं बैलाला हात लावून विचारलं, कसा हाय बैल, तर म्हणायचं, हाय आपलं ढोर, वढतंय कसंतरी. भात चांगलं आलं की शेतात काळं मडकं टांगायचं. पोर गोरंगोमटं असलं की त्याला दगड्या म्हणून हाक मारायची. लोकांची नजर वाईट असते आणि बापाची सगळ्यात वाईट, असं माझी आई सांगायची. आपल्या पोराला नावं ठेवायची, दुसऱ्याच्या पोराला शाबास म्हणायचं, म्हणजे नजर भलतीकडं जाते. मी थोरलीला जन्मात कधी शाबास म्हटलेलं नव्हतं. माझं प्रेम तिला शिव्यांतूनच ठाऊक.

त्यामुळं मैदानातले आईबाप आपापल्या पोरींचं नाव घेऊन "शाब्बास! चल! तूच पहिली!" असं ओरडायला लागले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, ही माणसं स्वतःच्या लेकरांचं वाटोळं करतात की काय!

मी मैदानात थांबलोच नाही. वालाच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. शेताची मालकीण एक म्हातारी होती. पोरी वाल तुडवतील म्हणून काठी घेऊन राखणीला बसलेली.

शिट्टी वाजली. धुरळा आला, धुरळ्यात पोरी. थोरली चौथी होती. मी हात तोंडाशी धरून ओरडलो, "पळतेस का रवंथ करतेस गं? म्हस बरी तुज्यापरीस!"

थोरली हसली आणि पुढं गेली. म्हातारी माझ्याकडं बघायला लागली.

"कोन रं ती तुजी?"

"पोरगी."

"आनि तिला आसं बोलतोस?"

"नजर लागंल," मी म्हटलं. म्हातारीला पटलं. मान डोलावून ती म्हणाली, "मंग दुसऱ्या कुनाला तरी चांगलं बोल. नुसत्या शिवीनं भागत नाय."

हे खरं होतं. निम्मंच काम झालं होतं. शाबास कुणाला म्हणायचं? बुटवाल्या पोरींना म्हणायची सोय नव्हती, त्या थोरलीच्या आगंमागंच पळत होत्या. म्हणून मी डोकं चालवलं. बरीच मागं, पंधरावी-सोळावी असेल, एक काटकुळी पोर येत होती. एक वेणी सुटलेली, फ्रॉक अंगाला मोठा, तोंड रडवेलं. तिच्या बरोबरचं कुणी माणूस दिसत नव्हतं. म्हटलं, हिला कितीही चढवलं तरी काय बिघडणार आहे? आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "शाब्बास गं माजे वाघिनी! वा! ह्याला म्हनतात पळनं!"

त्या पोरीनं आधी मागं बघितलं. लगेच मागं कुणी नव्हतं, बाकीच्या लांब होत्या. मग तिनं माझ्याकडं बघितलं. पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. तिनं सुटलेली वेणी दातात धरली आणि दोन पोरींना तिथल्या तिथं मागं टाकलं.

मी बांधाबांधानं आडवा निघालो आणि पोरींच्या आधी नदीवर पोचलो. चाळीस वर्षं बांधावर चाललेला माणूस, मला कुणी वाट शिकवायला नको. थोरली अजून चौथी. "आली गं बाई आली, गाभन शेळी आली!" मी ओरडलो. आणि ती काटकुळी आली तेव्हा म्हटलं, "काय पाय हायत का वारा! शाब्बास!" ती अकरावी होती.

शेजारी उभा असलेला एका बुटवालीचा बाप मला म्हणाला, "तुमची मुलगी जोर धरतेय हं."

"माजी नाय ती."

"मग ओरडताय का?"

मी परत वालाच्या बांधाकडं पळालो. तिथं पोचेस्तोवर कोपरी भिजली. दुसऱ्या फेऱ्याला पोरी आल्या. थोरलीच्या पायात काहीतरी रुतलं होतं, ती टाच टेकत नव्हती. पाचवी. मी शिवी घातली, पण अर्धीच. काटकुळी आठवी. आता मला कळायला लागलं होतं. पण सवय ही अशी, एका बाजूला शिवी गेली की दुसऱ्या बाजूला शाबासकी आपोआप सुटायची. "शाब्बास गं!" म्हणून गेलो, आणि तिनं आणखी एकीला मागं टाकलं.

म्हातारी काठी टेकून उभी राहिली. "आरं मुडद्या, ती सातवी झाली! तुज्या पोरीच्या बोकांडी बसंल आता. गप ऱ्हा!"

"गपच ऱ्हातो," मी म्हटलं आणि मैदानाकडं धावलो. मनाशी ठरवलं, आता शिवी नाही, शाबासकी नाही. तोंडाला कुलूप.

शेवटचा तुकडा मैदानातला. दोन्ही बाजूंना माणसं. मी उपरण्याचं टोक तोंडात कोंबून उभा. पहिली आली, दुसरी आली. बुटवाल्या. तिसरी, चौथी, पाचवी. मग थोरली, सहावी, लंगडत, पण पळत. तिच्या मागं दहा पावलांवर ती काटकुळी. पुढं शर्यत संपायची दोरी साठ-सत्तर पावलांवर. म्हटलं, झालं. सहांत आली. माझा शब्दही राहिला आणि शाळाही राहिली.

आणि माझ्याशेजारचा एक बुशशर्टवाला टाळ्या वाजवून ओरडला, "वा! ती लंगडती पोर बघा! काय जिगर आहे! शाब्बास!"

माझ्या पोरीला! लंगडत असताना! दोरी समोर दिसत असताना! उपरणं तोंडातून कधी पडलं ते कळलं नाही. नजर उतरवायची एकच रीत मला ठाऊक, आणि ती माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडली. "नाय नाय! ती बगा मागची! तीच खरी! पळ गं माजे वाघिनी, पळ!"

वाघीण पळाली. दोरीपासून दोन हातांवर तिनं थोरलीला मागं टाकलं.

मी थेट टोपीवाल्या साहेबांकडं गेलो. "सायेब, ती सहावी पोर माज्यामुळं पुढं गेली."

साहेबांनी वही बंद केली. "म्हणजे? तुम्ही धक्का दिलात कुणाला?"

"धक्का नाय. शाबासकी दिली."

"कुणाला?"

"तिला."

साहेबांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "शाबासकी देऊ नये असा नियम नाही हो," म्हणाले. आणि थोड्या वेळानं हातात कागद घेऊन तेच माझ्यामागं आले. "हे घ्या, अलिबागला पाठवायची संमती. पालक म्हणून इथं सही करा. पहिल्यापासून तिच्यासाठी तुम्हीच ओरडत होता म्हणे?"

अलिबागचा कागद माझ्या हातात आला, तो असा. "ती माजी नाय," मी म्हटलं. "माजी सातवी."

तेवढ्यात ती काटकुळी आली आणि माझ्या पायांशी वाकली. डोंगरातल्या वाडीवरची होती, वसतिगृहात राहायची. म्हणाली, "मला कोन वरडत नाय कदी. तुमी वरडलात." एवढंच बोलली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कशाला ओरडलो ते तिला सांगितलं नाही. वालाची म्हातारी सोडली तर अजून ते कुणाला ठाऊक नव्हतं, आज सांगतोय. न कमावलेला नमस्कार घेतला की तो डोक्याला जड होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या टेम्पोत सगळे माझ्याकडं चोरून बघत होते. शब्दाची गोष्ट सगळ्या पोरापोरींना ठाऊक होती. थोरली कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. मी बसलो नाही. मागं लोखंडी दांड्याला धरून उभाच राहिलो, आणि माझ्यासाठी कुणी सरकलंही नाही. गुरुजी फळीवर बसून पेरू खात होते. मला वाटलं, ते आता गयावया करतील, म्हणतील दादा, एका नंबरानं तर गेली, सोडा हट्ट. मग मी जरा ताणून धरीन, आणि त्यांच्या शब्दाखातर म्हणून सोडीन. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही. पेरू संपवून म्हणाले, "शब्द तो शब्द, दादा. आपण काय बोलणार!"

पळसदरी मागं पडली. खोपोली आली. थोरली एकदाही वर बघेना. ती रडली असती तर बरं झालं असतं. रडत्या पोरीवर बापाला खेकसता येतं. ती नुसती टेम्पोच्या फळ्यांकडं बघत होती, जणू काही त्या फळ्यांवर लिहिलेलं वाचत होती.

शेवटी मी म्हटलं, "चुकलो."

टेम्पोचं इंजिन असं धडधडत होतं की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?" गुरुजींनी कानाला हात लावला.

"म्हटलं, चुकलो."

"बैल चुकला?" पुढच्या फळीवरच्या एका पोरानं विचारलं. सगळ्या पोरी फिस्सकन हसल्या. थोरली सोडून.

मला राग आला. आयुष्यात एकदा शब्द परत घेतोय, आणि तोही यांना ऐकू जाईना! दांडा घट्ट धरला, छाती भरून घेतली आणि ओरडलो. मी ओरडायला आणि खोपोलीच्या शिळफाट्याला टेम्पोवाल्यानं चहासाठी गाडी बंद करायला एकच गाठ पडली. इंजिन गप्प झालं, आणि सगळ्या नाक्यावर माझा एकट्याचा आवाज:

"मी चुकलो! माजी पोरगी आठवीत जानार!"

ट्रकवाले वळून बघायला लागले. बस धरायला निघालेली माणसं थांबली. चहाच्या दुकानातला माणूस हातात गाळणं घेऊन बाहेर आला, माझ्याकडं बघून म्हणाला, "जाऊ द्या की मग, काका. आमी कुठं अडवलंय?"

असा हशा पिकला की शिळफाट्यावरून मी पुढं महिनाभर आडवाटेनं गेलो. गुरुजी सगळ्यांत जास्त हसत होते. त्यांनी खिशातून दुसरा पेरू काढून माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही.

थोरली हसली नाही. तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग शेजारच्या पोरींना कोपरानं ढोसून म्हणाली, "सरका गं जरा. बाबांना बसू द्या."

मी बसलो. तिनं आपला उजवा पाय सरळ माझ्या मांडीवर ठेवला. टाचेत भाताचं धसकट मोडून आत राहिलं होतं, भोवती रक्त सुकलेलं.

"काढा," ती म्हणाली.